नमुना पास झाला होता

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. गेल्या माघात, बुधवारी, भरदुपारी... बोईसरच्या एमआयडीसीत.

समिधा तिथल्या एका लॅबमध्ये विजेची उपकरणं तपासते. तिचा धाकटा भाऊ शैलेश परदेशातून फिशटँकचं सामान मागवून विकतो. पाण्यात बुडवायचे काचेचे हीटर त्याने आणले, तेव्हा नमुना समिधानेच तपासला. पास झाला. तिच्या रिपोर्टवर त्याला सर्टिफिकेट मिळालं.

जवळच्याच मुरबे गावातल्या, त्या दोघांच्या सुलूआत्याने त्यातलाच एक घेतला. बाईचा जन्म मासे वाळवण्यात गेला, आणि म्हातारपणी नातीच्या रंगीत माशांना ऊब द्यायला निघाली! घेण्याआधी तिने समिधाला विचारलं होतं. समिधा म्हणाली, बिनधास्त घे.

पौषात आत्याने टाकीत हात घातला...

आणि तिथेच गेली.

शैलेश म्हणाला, घराचं वायरिंग खाऱ्या हवेने सडलंय. सगळ्यांना पटलं. समिधालाही. पाठच्या भावावर कोण संशय घेतं?

त्या बुधवारी त्याच हीटरच्या नव्या खेपेचा नमुना तपासायला आला. बाकीचे जेवायला गेले होते. समिधाने हीटर लॅबच्या टाकीत सोडला, करंट दिला. पाण्यात वीज उतरत नव्हती. मीटर शांत. हाही पास होणार होता.

तेवढ्यात पंख्याचा आवाज थांबला.

पंखा फिरत होता... आवाज तेवढा नाही.

मग बांगड्या वाजल्या.

पाण्याखालून...

टाकीपाशी कुणी नव्हतं, तरी पाणी ढवळलं जात होतं. सुक्या बोंबलांचा वास दाटून आला. आणि अगदी कानाशी...

"समे, यो नाय. माज्या घरचा यो नाय."

समिधाने बटण बंद केलं आणि तडक मुरबे गाठलं. आत्याचा हीटर माळ्यावर पडला होता. वरून हुबेहूब तोच. तिने टोपण उघडलं. नमुन्यात तोंडाशी रबराचं जाड बूच असायचं. इथे नुसता गोंद... तोही सुटलेला. पाणी सरळ आत.

जाब विचारला, तर शैलेश चहा पीत म्हणाला, "ताई, तपासायला चांगलाच पीस देतात. सगळा माल तसला कोण आणतो?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तेही बहिणीचंच नाव वापरून. समिधाला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. तिने नमुना पास करायचं नाकारलं, आत्याचा हीटर जोडून वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. शैलेशचं सर्टिफिकेट रद्द झालं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही.

पण लॅबच्या टाकीतलं पाणी अजून ढवळलं जातं...

शैलेशच्या घरी कधी काही झालं नाही. तो निवांत झोपतो.

शेवटी समिधाने तिच्या आईला, म्हणजे माझ्या नलूमावशीला, विचारलंच. फसवलं त्याने, मग आत्या माझ्याकडे का येते?



"त्याच्यावर तिचा भरवसा कदीच नवता," मावशी म्हणाली. "तुज्यावर व्हता."