दहापैकी आठ वेळा

पावर हाउस भागातल्या ऑटो स्टँडवर सहा वर्षांची एक मुलगी जमिनीवर लोळून ओरडत होती... आणि तिच्याजवळ एक उंचापुरा माणूस खुशाल फतकल मारून बसला होता. भोवती गर्दी जमली तरी त्याला फिकीर नव्हती! लतिका थबकली. अशा वेळी घरची माणसं लाजेनं अर्धमेली होतात, हे तिला रोजच्या कामामुळं ठाऊक होतं. मुलगी शांत झाल्यावर लतिकानं त्या माणसापुढं आपलं कार्ड धरलं.

सोमवारी तो हुडको वसाहतीतल्या तिच्या विशेष मुलांच्या केंद्रावर हजर! नाव हेमराज, नोकरी स्टील प्लांटमध्ये. भाऊ-वहिनीच्या माघारी पुतणी वैभवीला तो आणि त्याची म्हातारी आई सांभाळत होते.

"काय शिकवाचं हिले?" लतिकानं विचारलं.

"शहानी झाली पाह्यजे, बस."

"पन शहानी झाली हे दिसन कसं? मोजता आलं पाह्यजे नं!"

त्यानं टेबलावरच्या पाण्याच्या गिलासाकडे पाहिलं. "पानी पाह्यजे असलं का थे डोकं आपटते. त्याच्याऐवजी गिलासाकडे बोट दाखवलं तं?"

"दहापैकी आठ वेळा," लतिकानं लिहून घेतलं. किती नेमकं बोलला हा!

दहापैकी किती वेळा बोट दाखवलं, याचा तक्ता रोज घरून भरून येऊ लागला. दोन, तीन, पाच... आणि मग अख्खा आठवडा शून्य! लतिकानं घाबरून तक्ता त्याच्यापुढं धरला.

"बी शिफ्ट होती मॅडम, दुपारपासून रात्रीवरी म्या घरी नोहतो. मायच्यानं मोजनं होत नाही."

"मंग जागा रिकामी सोडाची!"

"रिकामी? प्लांटच्या लॉगबुकात रिकामी जागा चालत नाही. अन् न पाहता आकडा कसा लिवू? म्हनून शून्य."

ती खळखळून हसली. आणि हसता हसताच तिला कळलं, या सरळ माणसावर आपला जीव जडलाय. पण शिकवणारीनं मुलाच्या घरच्यांशी असं नातं जोडायचं नाही, हा कामाचा नियम. बोलायचं तर वैभवीला सोडावं लागणार, आणि तो नाही म्हणाला तर दोघंही जाणार!

तिसऱ्या महिन्यात दहापैकी नऊ झाले. लतिकानं वैभवीला केंद्रातल्या दुसऱ्या शिक्षिका वंदनामॅडमकडे सोपवलं.

हेमराज धावतच आला. "कावून सोडून राहिल्या आमाले? काही चुकलं का?"

"नाही... चुकलं माहंच. तुमी आवडता मले. मंग तिले शिकवता येत नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद.

"उद्या माही सुट्टी हाये," तो कसाबसा म्हणाला. "चहा पियाले येसान? वैभवीचा काका म्हनून नाही बोलावून राहिलो..."

"मंग?"

"हेमराज म्हनून."