टाकीतला मनीप्लांट

किकवीच्या त्या नव्या हॉटेलात भाकरीचा पहिला घास मोडता मोडता सुलक्षणाची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि घास हातातच राहिला.

भिंतीवर मोटारसायकलची पेट्रोलची टाकी टांगलेली होती. लाल रंगाची, कडेला पिवळा पट्टा. आणि जिथून पेट्रोल भरायचं, त्या तोंडातून मनीप्लांटचा हिरवागार वेल खाली लोंबत होता!

वरव्याच्या ज्या लहानशा कारखान्यात ती लेथवर काम करायची, तिथली सगळी मंडळी फोरमनच्या निवृत्तीचं जेवण जेवायला आली होती. त्यांच्या देखत ती खुर्चीवर चढली. टाकीच्या पोटाखाली बोटं फिरवली. करंगळीएवढा, जरासा वाकडा पितळी डाग तिच्या बोटांना लागला. गळती थांबवायला तिनं स्वतः दिलेला.

“अहो मॅडम, पडाल! फोटो खालूनही छान येतो—”

तिनं वळून पाहिलं. खांद्याला झोळी, हातात मोजपट्टी, चष्म्याच्या काचेवर रंगाचा शिंतोडा उडालेला एक तरुण.

“ही हितं कुणी टांगली?”

“मी.” तो खुशीत हसला. “आवडली? इथली सगळी सजावट माझीच—”

“भोकं पण तुमीच पाडली?”

“हो, म्हणजे... टांगायला दोन—”

“तुमच्या कानाला दोन भोकं पाडून तुमाला टांगलं, तर चालंल?”

राग आला की सुलक्षणाच्या तोंडचं शाळेतलं मराठी पळून जायचं आणि मार्गासनीची बोली बाहेर यायची. हॉटेलातले चमचे थांबले होते.

“माझी गाडी हाय ही. आरसी बुकात माझं नाव हाय!”

गाडी होती सीझेड. चेकोस्लोव्हाकियात, कच्च्या वाटांसाठीच बनवलेली, सुलक्षणापेक्षा वयानं मोठी. तिचे हनुमंतमामा गुरांना लस टोचायच्या नोकरीत होते. वेल्ह्याच्या ज्या वाड्यावस्त्यांवर जीप चढत नसे, तिथं ते मागं बर्फाची पेटी बांधून हीच गाडी चढवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. जायच्या आधी त्यांनी गाडी भाचीच्या नावावर केली. दोन वर्षं खपून तिनं ती उभी करत आणली होती. एका शनिवारी ती कामावर असताना मोठ्या भावानं, धनाजीनं, भंगारवाल्याला बोलावलं.

“जागा अडत व्हती,” तो म्हणाला होता. “आन् पाव्हणे यायचे व्हते तुला बघायला. पोरीच्या दारात असलं धूड बघून काय म्हणतील?”

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. सुलक्षणानं त्यांना नकार कळवला, आणि गेले चार महिने ती भावाशी ‘मीठ दे’ यापलीकडे बोलली नव्हती.

हे सगळं तिनं खुर्चीवर उभं राहूनच सांगितलं. त्या तरुणाचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्याचं नाव वरद. भोरचा. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होता आणि हॉटेलं सजवायची कामं घ्यायचा.

सोमवारी तो कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. चादरीत गुंडाळलेली टाकी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून.

“हॉटेलवाल्यानं दिली?” तिनं कोरडेपणानं विचारलं.

“दिली नाही. मी काढली. मग त्यांनी मला काढलं.”

“आन् वेल?”

“घरी नेला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष...”

तिला हसू येणार होतं. तिनं ओठ चावला. “भोकं बुजवायला मला दोन दिवस लागतील,” ती फणकारली.

“ज्याच्याकडून टाकी घेतली, त्याच्याकडे बाकीचे भागही असतील. तुम्ही म्हणत असाल तर... जाऊ या?”

नसरापूरच्या भिमाच्या भंगारखान्यात पोचले, तेव्हा सीझेडचं इंजिन टेम्पोत चढलेलं होतं. वितळायला निघालं होतं! सुलक्षणा टेम्पोत चढली आणि सरळ इंजिनावर बसली.

“ताई, उतरा. गाडी निघायचीय.”

“मग मलाबी वितळवा. आरसी बुकासकट.”

भिमा हात जोडू लागला. वरदनं काय केलं, तर ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाला नेलं. तो चहा दीड तास चालला. तेवढ्यात सुलक्षणानं भिमाला असं काही सुनावलं, की शेवटी त्यानंच इंजिन खाली उतरवलं, वर सांगाडा, मागचं चाक आणि सायलेन्सर दिला, आणि पुढचं चाक गुंजवण्याच्या कोण्या धोंडाबाईनं नेल्याचंही सांगून टाकलं.

गाडी पुन्हा उभी राहू लागली, ती घरी नव्हे, कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये. घराच्या अंगणावर सुलक्षणाचा विश्वास उरला नव्हता. वरद दर रविवारी यायचा. त्याला पाना धरता येत नव्हता. नट उलटा फिरवायचा आणि ओरडा खायचा.

“डावीकडं! डावा हात कुठला ते शिकवलं न्हाई का भोरात?”

“शिकवलं होतं. पण तुम्ही समोर असलात की विसरायला होतं.”

ती एकदम बेअरिंगला ग्रीस लावू लागली. गरजेपेक्षा बरंच जास्त.

श्रावणात ते गुंजवण्याला गेले. धरणाच्या कडेची भातखाचरं हिरवी गच्च होती, राजगड ढगात बुडालेला. धोंडाबाईनं सीझेडचं चाक लावून वैरण वाहायची गाडी केली होती आणि ते सोडायची तिची तयारी नव्हती. सुलक्षणानं बरोबर आणलेलं स्कूटरचं चाक तिला दाखवलं, नवा बुश, नवा टायर. तरी म्हातारी ढिम्म.

“कुनाची म्हनलीस गाडी?”

“हनुमंतमामांची. लस टोचायला यायचे ते.”

म्हातारी थबकली. “आगं, त्या मानसानं माजी कपिली गाय वाचिवली! भर पावसात आला व्हता फटफटीवरनं.” तिनं आपणच चाक ओढून काढायला घेतलं. मग वरदकडं बघून म्हणाली, “आन् ह्ये? मालक व्हय तुजे?”

“न्हाई!” सुलक्षणा कडाडली. “ह्यानं माझ्या टाकीत वेल लावला व्हता!”

“लावू दे की,” म्हातारी बोळकं पसरून हसली. “न लावनाऱ्यापरीस बरा.”

परतताना सरीनं गाठलं. दोघं एका बंद टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिले, मध्ये चाक. पत्र्यावर थेंब ताडताड वाजत होते. वरदचा चष्मा धुकटला होता. त्याला रुमाल सापडेना, म्हणून तिनं तो काढून आपल्या ओढणीनं पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. बोट त्याच्या गालाला लागलं... जरासंच.

“सुलक्षणा, तू—” तो थांबला. “म्हणजे, तुम्ही—”

“पहिलं बरोबर व्हतं,” ती पावसाकडं बघत म्हणाली.

आता राहिला होता फक्त कार्बोरेटर. भिमानं बारीकसारीक सामानाचं पोतं कुणा गॅरेजवाल्याला विकलं होतं, कुणाला ते आठवत नव्हतं. दुसऱ्या गाड्यांचे तीन कार्बोरेटर बसवून पाहिले; इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात ते दोनदा गेले. “कुणासाठी पाहिजे, भावासाठी?” असं विचारणाऱ्या दुकानदारांना सुलक्षणा फाडून खायची, आणि वरद कागदावर कार्बोरेटरचं चित्र काढून दुकानोदुकानी दाखवायचा.

दिवाळीनंतरच्या शनिवारी ती फराळाचा डबा घेऊन भोरला त्याच्या घरी गेली. वरद यायचा होता. त्याची आई, शुभाकाकू, तिला बघून हरखल्या.

“तूच ना सुलक्षणा? बरं झालं आलीस. ती तुझी वस्तू घेऊनच जा बाई आता! तीन महिने झाले, रोज पुसत बसतो. माझी एक साडी त्याच्या फडक्यांत गेली.”

आणि त्यांनी आतून आणून तिच्यापुढं ठेवला... कार्बोरेटर. चांदीच्या भांड्यासारखा लखलखीत. तोच.

वरद जिना चढून आला, तेव्हा ती वरच्या पायरीवर उभी होती. तिच्या हातात काय आहे ते पाहून तो जागीच थांबला.

“कधी मिळाला?”

“ऑगस्टमध्ये. इथंच, भोरमधल्या एका गॅरेजमध्ये.”

“ऑगस्ट! आन् जुन्या बाजारात उन्हात माझ्यासंगं काय शोधत होतास? चित्रं काय काढत होतास?”

“गाडी पूर्ण झाली की आपले रविवार संपणार होते. मग मी कुठल्या निमित्तानं—”

“निमित्त?” तिचा आवाज चिरकला. “दादानं मला न विचारता गाडी विकली. तू मला न विचारता ती अडवून धरलीस. सांग, फरक काय तुमच्यात?”

वरदनं खांद्यावरची झोळी पायरीवर ठेवली.

“काही नाही,” तो म्हणाला. “फरक नाही. आणि उद्या सांगणारच होतो, असंही म्हणणार नाही मी. धीर झाला नसता. चुकलो, सुलक्षणा.”

ती भांडायच्या तयारीनं उभी होती आणि समोर सबब म्हणून आलीच नाही. तिला त्याचाच अधिक राग आला. ती त्याला ओलांडून धाडधाड जिना उतरली.

रविवारी तिनं एकटीनंच कार्बोरेटर बसवला. तिसऱ्या किकला सीझेड बोलली! निळा धूर, जळक्या ऑइलचा वास, शेडभर तडतडाट. डोळ्यांतलं पाणी तिनं ग्रीसच्या हातानंच पुसलं. मार्गासनी मागं टाकून, वेल्ह्यापुढची मामांची कच्ची वाट तिनं धरली. दगड, ओढा, घसरडी लाल माती... गाडी शेळीसारखी चढली. माथ्यावर पोचताच ती मोठ्यानं म्हणाली, “बघितलंस का!”

मागं कुणीच नव्हतं. वारं तेवढं होतं.

मेल्यानं हाही आनंद नासवला होता! ती दगडावर बसून राहिली. धनाजीदादा आजतागायत म्हणत होता, ‘म्या काय केलं?’ आणि हा एका प्रश्नात म्हणाला, चुकलो. रागवायचं तरी कसं अशा माणसावर! तरीही ती पुढं दोन दिवस जमेल तितकं रागावली.

मंगळवारी, भोरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, त्याच्या ऑफिसाखाली हॉर्न वाजू लागला. थांबेचना. वरद धावत खाली आला.

“बस,” ती म्हणाली.

“कुठं?”

“मार्गासनीला. दादाशी बोलायचंय.”

“विचारायला?”

“सांगायला! विचारायची पद्धत आमच्या घरात न्हाई. बघितलं न्हाईस?”

“पण... काय सांगायचं?”

“तीन महिने फडकं फिरवताना जे ठरवलं असशील ते. आन् आता लपवलंस, तर वाटेत उतरवीन.”

तो मागं बसला. एसटी स्टँडसमोरच्या गर्दीतून गाडी वाट काढू लागली. तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

“काय?”

तो पुन्हा बोलला. इंजिनाच्या तडतडीत सगळं विरून गेलं.

“मोठ्यानं बोल की! अजून लपवायची सवय गेली न्हाई?”

“मला तू आवडतेस!” वरद छाती फुटेस्तोवर ओरडला. नेमकं त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. “तुझ्याशीच लग्न करायचंय मला!”

बाजार गप्प झाला. भाजीवाल्या बायका, एसटीचा कंडक्टर, उसाचा रसवाला... सगळ्यांच्या माना वळल्या. सुलक्षणाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. ऑफिसाखाली थांबून बंद केलेला पेट्रोलचा कॉक रागाच्या भरात निघताना ती उघडायलाच विसरली होती. तिनं खाली वाकून तो उघडला आणि तशीच वाकून राहिली, तोंड दिसू नये म्हणून.

“उतर,” ती म्हणाली.

“अगं पण—”

“उतर आन् ढकल.”

तो उतरला. सगळ्या बाजारादेखत दोन्ही हातांनी गाडी ढकलू लागला. चार पावलांवर ती मान न वळवता, अगदी हळू काहीतरी बोलली.

“काय म्हणालीस?”

“ढकल म्हणाले!”

पण ती तेवढंच म्हणाली नव्हती, हे कडेला बसलेल्या भाजीवालीनं ऐकलं होतं. तिनं वरदकडं बघून मान डोलावली, आणि तो धावतच सुटला.