ताउनोची पाठवणी

मृतांना जेवायला बोलावण्याच्या कथा आमच्या किनाऱ्यावर विपुल आहेत आणि त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. शरदाच्या अखेरीस, धान्य कोठारात पडल्यावर, केक्रीच्या सणाला घरचा कर्ता अंगणात जाऊन गेलेल्या माणसांना नावाने हाक मारतो. त्यांच्यासाठी साउना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवलेली असते, पान वाढलेले असते. जेवण उरकले की घरची बाई उंबरठ्यावर उभी राहून निरोप देते: जेवलात, न्हालात, आता आपल्या जागी जा. बहुतेक पाठांत कथा इथेच संपते. काहींत बाई निरोप द्यायला विसरते, आणि मग वर्षभर चुलीमागे कुणीतरी खोकत राहते. उत्तरेकडच्या एका पाठात ती विसरत नाही, मुद्दामच गप्प राहते. तो पाठ तरुणपणी मला भाबडा वाटे. आता वाटत नाही.

या सर्व पाठांत एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी उघड आहे की तिची नोंद घ्यावी असे कुणाला सुचले नाही. त्यांत घर असते. उंबरठा असतो, अंगण असते, फाटक असते आणि फाटकाबाहेर जमीन असते. बोलावणे कुठेही करता येते. त्याला एक आवाज पुरतो. पाठवणीला जागा लागते. लोककथांच्या संग्रहालयात माझे आयुष्य गेले, पण जहाजावर घडलेला पाठ मला एकच ठाऊक आहे, आणि तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा, आइलाचा, नवरा ताउनो अर्धांगवायूने नऊ वर्षे अंथरुणाला खिळून होता. वाचा गेली होती, उजवे अंग गेले होते. डाव्या हाताच्या बोटातली लग्नाची अंगठी तो पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटे, आणि तीच त्याची भाषा झाली होती. दोनदा वाजले की पाणी. तीनदा वाजले की कूस बदल. एकदा वाजले की पुरे, जा, झोप. त्या नऊ वर्षांत आइलाची झोप तुकड्यातुकड्यांची झाली. वसंतात तो गेला, नगरपालिकेची माणसे येऊन पलंग परत घेऊन गेली, पण झोप काही परत आली नाही. घर शांत असले की ती दचकून उठे आणि वाट पाहत बसे.

म्हणून तिच्या मुलीने, योन्नाने, केक्रीच्या सुट्टीत जहाजाची सहल ठरवली. तुर्कूहून संध्याकाळी निघायचे, सकाळी स्टॉकहोमचा धक्का पाहायचा आणि त्याच जहाजाने बेटांमधून दिवसभर परत यायचे. या जहाजावर कुणालाच कुठे पोहोचायचे नसते. माणसे खायला, नाचायला आणि साउनेत बसायला येतात. आईला एक रात्र सलग झोप लागावी, एवढीच योन्नाची इच्छा होती. बरोबर आइलाची शाळेपासूनची मैत्रीण ओर्वोक्की होती, ताउनोचा धाकटा भाऊ रेइयो होता, आणि मी.

“चेहरा बघ गं तुझा,” धक्क्यावरच ओर्वोक्कीने तिला छेडले. “दाढ काढायला निघाल्यासारखी दिसतेस.”

“झोपायला चाललेय मी. नाचायला तू जा.”

“जाणारच. माझे गुडघे अजून माझेच आहेत, डॉक्टरचे नाहीत.”

आइला हसली. दमलेले माणूस हसते तशी, उशिरा आणि थोडेसे.

जेवणघरात गर्दी होती. खारवलेली हेरिंग मासळी, शेपू घातलेले लहान बटाटे, काळी गोडसर पाव-भाकरी, कडक पेय. ज्याने त्याने हवे ते आपल्या हाताने वाढून घ्यायचे. खिडक्यांबाहेर पूर्ण काळोख होता आणि काचांवर आमचीच टेबले दिसत होती. रेइयोचा दुसरा पेला संपला तेव्हा तो उठला, एक जादा ताट भरून घेऊन आला आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवले.

“वहिनी, सण आहे आज. दादाचं पान नको?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “काय बाई, तुमच्या कागदांत असंच आहे ना?”

“हाक कर्त्याने मारायची असते,” मी म्हटले. प्रश्नाचे नेमके उत्तर देण्याची मला सवय आहे.

“मग आता घराण्यात कर्ता कोण? मीच की!” तो पेला उंचावून काळ्या काचेसमोर उभा राहिला. “ताउनो, ये रे! पान वाढलंय!”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“तुझं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून,” आइला हलकेच म्हणाली. “तो पडून होता तेव्हा तुला आमची पायरी सापडली नाही. आणि आता हाका मारतोस?”

रेइयो मटकन बसला. त्याचे डोळे भरून आले होते. “मला बघवत नव्हतं गं, वहिनी.”

“मला बघवत होतं, असं वाटलं होय तुला?”

ओर्वोक्कीने घाईने विषय बदलला, कुणा वादकाच्या टोपाविषयी काहीतरी सांगितले, आणि आम्ही सगळे गरजेपेक्षा जास्त हसलो. मग योन्नाचा आवाज आला.

“आई… काय करतेस?”

आइलाचा हात त्या जादा ताटात होता. तिने बटाटे काट्याने चेचून अगदी मऊ केले होते, हेरिंगचा एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावला होता. ताउनोला घशाखाली एवढेच उतरत असे. तिने आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावे तसे पाहिले.

“काटे काढतेय,” ती म्हणाली.

पोऱ्याने ताटे उचलली. सगळे उठले. निरोप कुणी दिला नाही. जिथे सगळेच पाहुणे, तिथे तो द्यायचा कुणी?

सकाळी कॉफी घेताना योन्ना माझ्या शेजारी येऊन बसली. रात्री ती आणि आइला एका खोलीत होत्या.

“मावशी, आई रात्रभर उठत होती. भिंतीत टकटक होत होती… मीपण ऐकली.”

“जहाज आहे, बाळा. भिंतींतून नळ्या गेलेल्या असतात.”

“नळ्या दोनदा वाजून थांबतात? आणि आई पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली की गप्प होतात?”

मी कॉफीचा कप खाली ठेवला. मग विचारले, “एकदाच वाजलं, असं झालं का कधी?”

तिने मान हलवली. “एकदासुद्धा नाही.”

तेवढ्यात आइला आली. तिच्या डोळ्यांखाली वसंतातली ती जुनी काळी वर्तुळे पुन्हा उमटली होती. ओर्वोक्कीने झोप लागली का विचारले, तेव्हा हवापाणी सांगावे तशा सुरात ती म्हणाली, “कुठली? त्याची कूस बदलता बदलता उजाडलं.” रेइयोच्या हातातला चमचा बशीवर वाजला. आइलाने चटकन मान वळवली, ऐकले, आणि तो चमचाच होता हे कळल्यावर खांदे सैल सोडले. नऊ वर्षे मी तिला असेच मान वळवताना पाहिले होते.

परतीच्या वाटेवर, दुपारी, जहाज बेटांमधून हळू चालले असताना तिने मला गाठले.

“ताई, यातली जाणकार तू. ते निरोपाचे शब्द काय असतात गं?”

मी सांगितले. आम्ही वरच्या डेकच्या लोखंडी दारापाशी गेलो. मागून योन्ना आणि रेइयो आले. त्या दाराचा उंबरा गुडघ्याला लागेल इतका उंच असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. आइलाने दार ढकलून धरले. थंड वारा, जळक्या तेलाचा आणि ओल्या दोरखंडाचा वास आत आला. बाहेर करडा उजेड होता, कठडा होता, आणि कठड्यापलीकडे पाणी होते.

“जेवलास…” तिने सुरुवात केली. “जेवलास, आता…”

ती थांबली.

“ताई, इथून जाईल कुठे तो?”

मी म्हटले की पाठांमध्ये जागेचा निर्देश संदिग्ध असतो, ‘आपल्या जागी’ एवढेच म्हटलेले असते. बोलता बोलताच माझे मला जाणवले की हे उत्तर नव्हे.

“त्याला पोहता येत नव्हतं,” आइला म्हणाली, आणि तिने दार ओढून घेतले.

बंद दाराच्या आतल्या बाजूला, आमच्या अगदी जवळ, लोखंडावर काहीतरी वाजले. दोनदा.

“वहिनी, मी बोलावलंय ना,” रेइयो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मग मीच घालवतो.” आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला, “दादा, जा तू! जा इथून!”

आवाज पुन्हा आला. या वेळी तीनदा, घाईघाईने.

“ओरडू नकोस त्याच्यावर,” आइला म्हणाली. “घाबरला की अंग आखडतं त्याचं.” ती पाणी आणायला निघून गेली. रेइयो तिथेच, पाठीमागे हात बांधून, ओरडा बसलेल्या पोरासारखा उभा राहिला.

विधीचे तर्कशास्त्र क्रूर असले तरी सुसंगत होते. निरोप घरच्या उंबरठ्यावरूनच देता येईल, आणि उंबरठ्याबाहेर पाठवायचे तर आधी आत न्यावे लागेल. मी तिला तसे सांगितले. सण आज मध्यरात्रीपर्यंतचा; घरी पोहोचताच शब्द उच्चारले तर साधेल.

“म्हणजे पुन्हा त्याला घरी न्यायचं.”

“एकदाच, आइला. आत घे आणि लगेच निरोप दे.”

“दवाखान्यातून आणला तेव्हाही महिनाभरासाठीच म्हणून आणला होता, ताई.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कष्टाचा अंदाज नीट येणारी माणसे असेच बोलतात.

संध्याकाळी जहाज तुर्कूच्या धक्क्याला लागले. उतरणाऱ्यांची रांग पुढे सरकत होती आणि आइला अतिशय सावकाश चालत होती, उजवा हात अंगापासून थोडा दूर, कोपरात वाकवलेला. मागच्यांची कुरकूर झाली. मग ते तिला वळसा घालून पुढे जाऊ लागले, आणि माझ्या लक्षात आले की एका बाईला लागते त्याहून जास्त जागा सोडून ते जात होते. कुणाला सांगितले नव्हते, आणि कुणी खाली पाहिलेही नाही.

नाचून पाय सुजलेल्या ओर्वोक्कीला सोडायला योन्ना गेली. आइलाने तिला सकाळी यायला सांगितले. आम्ही तिघे घरी पोहोचलो. फाटक नेहमीप्रमाणे खचून उघडे होते. ताउनो हिंडताफिरता होता तोवर ते खांद्याने वर उचलून कडी घालायचा. त्याच्याशिवाय ते कुणालाच जमले नव्हते, आणि त्याच्या आजारपणापासून फाटक लागलेच नव्हते. रेइयो टोपी काढून तिथेच थांबला. मी पायरीपर्यंत गेले.

आइलाने दार उघडले आणि बाजूला सरकली. एक पाय ओढत माणूस आत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तिने दार धरून ठेवले. मग ती आत गेली, वळली आणि उंबरठ्यावर माझ्यासमोर उभी राहिली.

“आता शब्द,” मी म्हटले.

तिने मागे घरात पाहिले. बराच वेळ पाहिले.

“उद्या म्हणेन, ताई.”

“उद्या सण संपलेला असेल.”

“आज नको. आम्ही दोघंही दमलोय गं.”

तिने दार लावून घेतले. आतून नळ सुटल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. आणि मग, ज्या घरातून लोखंडी पलंग वसंतातच गेला होता त्या घरातून, लोखंडावर अंगठी आपटल्याचा आवाज आला. तीनदा.

“बाई…” रेइयो कुजबुजला. “ऐकलंत?”

“चला,” मी म्हटले. निरोप उशिरा दिला तरी वाट मोकळी असावी, असे काही पाठ सांगतात. म्हणून मी फाटक सताड उघडले आणि वाऱ्याने हलू नये यासाठी त्याला दगड लावला.

सकाळी योन्नाचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा ती रस्त्यावर, फाटकाबाहेर उभी होती.

“मावशी, आई झोपलीय. ती बघ, खिडकीतून दिसतेय. इतक्या हाका मारल्या, पण कूससुद्धा बदलत नाही.”

पडदा उघडा होता. आइला कोचावर उताणी झोपली होती आणि तिचा श्वास संथपणे वरखाली होत होता. अंगावरचे पांघरूण दोन्ही बाजूंनी, खांद्यापासून पायापर्यंत, नीट खाली खोचलेले होते. तसे स्वतःचे स्वतःला खोचता येत नाही.

“पण फाटक कोणी लावलं?” योन्ना म्हणाली.

फाटक सरळ उभे होते. माझा दगड कुंपणाशी बाजूला ठेवलेला होता. कडी आतून घातलेली होती, शेवटपर्यंत.

मी हाक मारायला तोंड उघडले. तेवढ्यात घरातून अंगठी वाजली. एकदाच.

मी योन्नाचा हात धरला आणि आम्ही परत फिरलो.