कलेक्टरचं हृदय

प्रेम हृदयात वास करतं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्याच हृदयात वीतभर लांबीचे जंतही वास करतात, हे त्यांनी पाहिलेलं नसावं. डॉ. शिवशरण यांनी पाहिलं होतं.

१९७४ च्या फेब्रुवारीत सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात महादेवी खोकणारा कुत्रा घेऊन आली. कुत्र्याचं नाव कलेक्टर. आई गेल्यापासून घरात तिचं ऐकून घेणारा तो एकटाच. वडील मल्लप्पा ज्वारीचे व्यापारी; बाजारभावाखेरीज काही बोलत नसत.

“घशात हाड अडकलं असेल,” डॉक्टर म्हणाले.

“आम्ही लिंगायत, डॉक्टर. आमच्याकडे हाड औषधालासुद्धा मिळायचं नाही.”

डॉक्टरांनी पहिल्यांदाच कुत्र्यावरची नजर वर उचलली... आणि ती खाली आणायला जरा वेळ लागला.

मग त्यांनी रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तीही वाकली. थेंबात बारीक धागे वळवळत होते.

“ही पिल्लं. मोठे जंत हृदयात. डासांमुळे होतात.”

“वाचेल?”

“सोमलाची, म्हणजे विषाचीच, इंजेक्शनं देऊ. जंत मरतील, पण त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकतात. सहा आठवडे पळायचं नाही, उडी नाही. मारलीच तर—”

अडचण एकच होती. महादेवी खूश झाली की कलेक्टर उडी मारायचा. आणि हल्ली इंजेक्शन द्यायला घरी येणाऱ्या डॉक्टरांची स्कूटर वाजली की महादेवी खूश व्हायची.

तेव्हा दोघांनी खूश न होण्याचं ठरवलं. डॉक्टर स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत येत, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसत.

“तुम्ही आलात की छातीत धडधडतं,” ती भिंतीकडे बघत, वडील भाव सांगत त्या सुरात म्हणाली.

“कधीपासून?” डॉक्टरांनी तपासणीच्या सुरात विचारलं.

“हाड म्हणालात... तेव्हापासून.”

कलेक्टरने एक कान उभा केला. दोघांनी घाईने चेहरे पाडले.

“सुम्म कूड!” गप्प बस, असं तिने कानडीत दटावलं. कुत्रा बसलेलाच होता.

सहा आठवडे असंच, थंडपणे. मग रक्त साफ निघालं.

“आता रोज एक गोळी,” डॉक्टर म्हणाले. “डास आहेत तोवर.”

“सोलापुरात डास नाहीत असा दिवस कुठला?”

“म्हणजे रोजच. एक दिवस चुकवून चालणार नाही.”

“माझ्या नाही हो लक्षात राहायचं.”

“मी... आठवण करीन की. रोज. जन्मभर.”

महादेवी हसली, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, तोंडभर. कलेक्टरने उडी मारली. डॉक्टरांचा चष्मा फुटला. कुत्र्याला काही झालं नाही.

वैशाखात लग्न झालं. पहिल्याच महिन्यात दोघंही ओळीने चार दिवस गोळी विसरले.

तेव्हापासून कलेक्टर माहेरी असतो. गोळी मल्लप्पा देतात, गुळात घालून.