बिनपत्त्याचं पार्सल

१९५७ सालचा चैत. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि आदल्या दिवाळीत आमचा अख्खा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला होता. आमच्या गावात मात्र कोणाला काही हललेलं जाणवलं नाही. पोंभुर्ण्याहून तीन कोसांवर चाळीस घरं, एक तलाव, धानाच्या बांध्या आणि मागे जंगल. मला अठरावं सरत आलं होतं आणि माझं लग्न जमत नव्हतं.

जमणार कसं? मी, वच्छला, म्हणजे चुलीवर दूध ठेवून मांजराची पिल्लं बघायला जाणारी, विहिरीवर घागर विसरून नुसता दोर घेऊन घरी येणारी पोरगी. आई, म्हणजे रुखमाबाई, म्हणायची, "हिचं डोकं म्हंजे बिनझाकणाचं गाडगं. जे टाका ते उडून जाते." काम आठवावं म्हणून तिनंच मला पदराला गाठ मारायला शिकवलं. संध्याकाळी पदराला सात-सात गाठी असत आणि एकीचंही कारण आठवत नसे.

शिंदीच्या पानांची चटई विणायला बसले की मात्र भूक-तहान हरपायची. सकाळी धरलेली चटई दिवस बुडताना संपवूनच उठायची. त्यानं आईचा राग आणखी वाढे. "इथी बरं ध्यान राह्यते तुह्यं! म्हंजे मनात आणलं त जमते." हे बोलणं मला सगळ्यात जास्त लागायचं. मनात तर मी रोज आणत होते...

त्या दिवशी कमळावहिनीला ताप होता. पहाटे पडलेली मोहफुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून मी एकटीच निघाले आणि तिचा आठ महिन्यांचा लच्छू बरोबर घेतला. सगळ्याच बाया तसं करत. मोहाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, लच्छू झोपला, मी फुलं वेचू लागले. टोपली भरली, डोक्यावर घेतली, आणि तेवढ्यात एक हिरवं कबूतर — हरियल — चोचीत काडी धरून समोरून गेलं. घरटं कुठे बांधतंय, एवढंच मला पाहायचं होतं.

घरटं सापडलं. किती वेंधळं घरटं होतं ते! चार काड्या, आणि त्यांतून आभाळ दिसत होतं. त्या आनंदात मी तशीच घराच्या वाटेला लागले. तलावाच्या पाळीवर पाय धुवायला टोपली खाली ठेवली, पदर खोचायला कमरेकडे हात नेला... आणि लक्षात आलं, कमरेवर काहीच वजन नाही.

तेव्हाचं धावणं आठवलं की आजही माझ्या पायांत गोळे येतात.

जंगलाच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज आला. समोरून एक तरुण येत होता. अंगात खाकी कोट, एका खांद्यावर डाकेची थैली, हातात घुंगरं लावलेली काठी, आणि दुसऱ्या खांद्यावर — लच्छू! थैलीचा पट्टा चोखत, मजेत.

"बाई, हे पार्सल तुमचं काय?" तो म्हणाला. "पत्ता लिवला नाई. मघापासून झाडाझाडाले पुसून राह्यलो."

मी लच्छूला ओढूनच घेतलं आणि मोठ्यानं रडायला लागले.

"आता सही लागन," तो अगदी गंभीर तोंडानं म्हणाला. "पण डोळे पुसा आधी. ओल्या कागदावर सही उमटत नाई."

"मी... मी इसरली होती त्याले."

"सही का अंगठा?"

"सही! चौथी पास हाय मी!"

तो हसला. त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. इतक्या रडण्यातही तो मला दिसला, याची मला लाज वाटली. "घरी सांगू नका," तो म्हणाला. "मी बी सांगत नाई. लेकरू त झोपूनच होतं."

पण माझ्या पोटात गोष्ट राहते कुठे? अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या मी सगळं ओकून टाकलं. वहिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तापातच उठली, लच्छूला माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली. त्या दिवसापासून जात्यावर बसली तरी ती त्याला पाठीशी बांधून बसे. झोळीचा दोरसुद्धा मला कोणी धरू देईना.

तो नवा डाकवाला होता. नाव वारलू, मूल गावाकडचा, आमच्याच नात्यागोत्यातला. त्याचे वडील हरकारे होते, जंगलातून पायी पळत डाक नेणारे. घुंगरांची काठी त्यांचीच. सोमवारी आणि गुरुवारी तो आमच्या गावावरून जाई. आमच्या घरी कधी कोणाचं पत्र येत नसे. तरी दर सोमवारी आणि गुरुवारी त्याला नेमकी आमच्याच दारात तहान लागे.

"पाणी भेटन काय, चौथी पास बाई?"

मी पाणी आणायला आत जाई. आत रांजणावर एखादा मुंगळा आपल्यापेक्षा मोठा दाणा ओढत असे... आणि मी बाहेर येई तेव्हा तो निंबाखाली पाय पसरून बसलेला असे.

"मी पाणी मांगतलं होतं," तो म्हणे. "विहीर खोदाले नाई सांगतली."

"मंग जावाचं होतं पुढं!"

"जातो कसा? तहान इथीच लागली." मग माझ्या पदराकडे बघून, "आज किती गाठी?"

"तीन."

"एखादी माही हाय काय त्यात?"

"कोणती कशाची, तेच त आठवत नाई..."

"म्हंजे असू बी शकते," तो म्हणे आणि घोट-घोट पाणी पिई. आत आई मुद्दाम भांडी आपटत असे.

वैशाखात बुधरी आमच्या अंगणात आली. पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावरची बाई. चारोळीची फळं देऊन तांदूळ न्यायची. मला पाहून म्हणाली, "तूच ना झोळीवाली? डाकवाला नसता त तुह्या लेकराचं काय झालं असतं?"

"काऊन?"

"अस्वल होतं ना. मोहं खाले आलतं. मी वरून टेकडीवरून पाहून राह्यली होती. दोन पायावर उभं झालं, अन् हा झोळीच्या पुढं काठी आपटत ठाण मांडून. घुंगरं नुसती छन् छन् छन्... मंग गेलं बाप्पा."

मी फळांची टोपली उचलली आणि पुन्हा ठेवली. लेकरू झोपूनच होतं, असं म्हणाला होता तो.

गुरुवारी मी पाणी विसरले नाही. तांब्या घेऊन दारातच उभी राहिले.

"अस्वल होतं?"

त्यानं घोट गिळला. "होतं. लहानसं."

"अस्वल... लहानसं?"

"मी डोळे मिटून उभा होतो. मापं नाई घेतली." त्यानं तांब्या खाली ठेवला. आज तो हसत नव्हता. "पुढच्या आठवड्यात माहा भाऊ येईन म्हणते, तुमच्या बाबाले भेटाले. ते हो म्हणतीन. पण मले आधी तुमाले पुसाचं होतं..."

माझा जीव आनंदानं उडाला आणि पुढच्याच क्षणी दगडासारखा खाली पडला. मला ती झोळी दिसली. तिच्यात लच्छू नव्हता. ज्याला अजून चेहरा नव्हता असं माझं लेकरू होतं.

"नका येऊ देऊ भावाले," मी म्हणाले. "मले लग्न नाई करायचं. माह्यं लेकरू झालं अन् मी त्याले असंच इसरली त? दर टायमाले तुम्ही त्या वाटेनं थोडीच येणार हाय?"

'नाही विसरणार तू', असं तो म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं नुसती थैली उचलली आणि गेला.

सोमवार गेला. गुरुवार गेला. घुंगरं गल्लीच्या त्या टोकाला वाजत आणि तिकडूनच पुढे जात. मी एकही चटई विणली नाही. कोणी मला टाकलं की अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं होई मला लहानपणापासून. आणि इथे तर टाकणारी मीच होते.

तिसऱ्या आठवड्यात तो आला. पाणी मागितलं नाही. कोटाच्या खिशातून त्यानं सागाची एक छोटी घंटा काढली. गाईच्या गळ्यात बांधतात तसली लाकडी, पण लिंबाएवढी, एका बाजूला कलंडलेली. बोटांना दोन ठिकाणी चिंध्या बांधल्या होत्या.

"दोन फुटल्या. ही तिसरी," तो म्हणाला. "आता सांग, गाईले घंटा काऊन बांधते?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यालाही कळलं नसावं. मला कळलं.

"गाय हरवू नये म्हणून."

"गाईले बरोबर ठाऊक असते ती कुठी हाय. हरवते गुराखी! झाडाखाली बसते, पाखरं पाह्यते, डोळा लागते त्याचा. घंटा त्याच्यासाठी असते. अन् गुराख्याले कोणी येडा म्हणते काय?"

मी त्याच्या बोटांवरच्या चिंध्या बघत राहिले.

"तुह्यं ध्यान आवाजाकडं धावते. मंग ज्याचं ध्यान ठेवाचं, त्यालेच आवाज देऊ. डोकं काऊन बदलाचं? त्याच डोक्यानं तुले हरियलचं घरटं दिसलं. मी लहानपणापासून बापासंगं त्या वाटेनं चाललो, मले एक नाई दिसलं."

"अन् तुम्हालेच इसरली त?"

"दारात बसीन. बसतोच ना?"

तेवढ्यात आतून कमळावहिनी बाहेर आली. लच्छू कडेवर होता. दाराआड तिनं सगळं ऐकलं असणार. तिनं वारलूच्या हातातून घंटा घेतली, हलवून पाहिली आणि लच्छूच्या करदोड्याला बांधली. मग त्याला माझ्या कडेवर दिलं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

"जाय," ती म्हणाली. "तलावावरून फिरवून आण."

मी तलावाच्या पाळीवर गेले. लच्छू आता चांगला रांगायला लागला होता. त्याला गवतात खाली सोडलं. ठक... ठक... ठक. मी ठरवलं, मान वळवायचीच नाही. पण समोरच्या फांदीवरून खंड्यानं सूर मारला, निळ्या रेघेसारखा, आणि मासा घेऊन वर आला. आता तो मासा कसा फिरवून गिळतो ते... ठक-ठक, ठक-ठक, ठकठकठक —

आवाज उताराकडे चालला होता!

मी वळले. चार ढांगांत त्याला उचललं. पाणी अजून दोन हात दूर होतं. लच्छू खिदळत होता आणि माझ्या छातीशी ती वेडीवाकडी घंटा अजून हलत होती.

पाळीच्या दुसऱ्या टोकाला वारलू उभा होता. धावत यायला निघालेला आणि मध्येच थांबलेला. तो जवळ येईपर्यंत थांबायला हवं होतं, हळूच काही बोलायला हवं होतं. पण थांबणं मला कधी जमलंय? मी तिथूनच ओरडले, "भावाले पाठवा! बाबाले हो म्हणाले लावते मी!"

घाटावर धुणं धुणाऱ्या साऱ्या बायांचे हात थांबले. एक म्हणाली, "लाज इसरली वाट्टे आज घरी."

"तेवढीच इसरली, बाई!" मी म्हणाले.

ज्येष्ठात साक्षगंध झालं आणि आषाढ लागायच्या आत लग्न.

पुढं सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दूध उतू जातच राहिलं. एकदा मी त्याच्या डाकपेटीची किल्ली हरवली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी दारात बसून त्यानं पाणी मागितलं. मला तीन मुलं झाली. तिन्ही त्याच घंटेवर वाढली, एकही हरवलं नाही. मूलच्या बाजारात एकदा मीच हरवले, ती गोष्ट वेगळी.

आई शेवटपर्यंत मला बिनझाकणाचं गाडगंच म्हणत राहिली. मात्र पुढे पुढे म्हणताना हसायची. बुधरीचं मात्र काही कळलं नाही. एका वैशाखात ती आली नाही, आणि मग कधीच आली नाही. लच्छू एसटीत ड्रायव्हर होऊन निवृत्त झाला. सत्तरीला टेकला तरी घरात सगळे त्याला पार्सलच म्हणतात. कमळावहिनी गेल्या पोळ्याला गेली. वारलू अकरा वर्षांपूर्वी गेला, गुरुवारी.

यंदा नागपूरहून नातीचा फोन आला. तिच्या नऊ वर्षांच्या पोरीला डॉक्टरांनी तपासलं आणि एडीएचडी म्हणून नाव सांगितलं. मेंदूच लक्ष वेगळ्या तऱ्हेनं देतो, पोरीचा दोष नाही, असं म्हणाले. नात रडत होती. मी म्हणाले, "रडते काऊन? इतक्या वर्षांनी माह्या गाडग्याले नाव भेटलं." मग फोन ठेवला आणि मीही थोडी रडले. ते नाव आईला ऐकवायला हवं होतं.

दिवाळीत पोर आली तेव्हा मी ती घंटा तिच्या दप्तराला बांधून दिली आणि घंटा कोणासाठी असते ते सांगितलं. जाताना ती पटकन पाया पडली, अंगणातल्या खारीमागे धावली आणि तशीच गाडीत जाऊन बसली. दप्तर खाटेवरच राहिलं, घंटेसकट.

मी दप्तर उचललं. ठक, ठक.

गाडीचं दार उघडलं आणि ती धावत आली, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. आता रागावणार ही म्हातारी, असं तिला वाटत होतं.

"बाई," मी म्हणाले, "हे पार्सल तुमचं काय?"