निरोगी माणसाची रेषा

नवं उपकरण रुग्णांना देण्याआधी ते एखाद्या निरोगी माणसाने काही दिवस घालून पाहायचं, हा आमच्या चक्कर विभागाचा नियम. निरोगी म्हणून मोठ्या डॉक्टरांनी स्वतःलाच पुढे केलं. उपकरण त्यांच्याच डोक्यातून निघालेलं, तेव्हा हरकत कोण घेणार.

मी त्यांच्या कपाळावर पट्टा बसवला, दोन्ही डोळ्यांच्या कडांना चिकटपट्ट्या लावल्या आणि कानामागची डबी सुरू केली.

"घट्ट बसवा," ते म्हणाले. "नाहीतर माझं डोकं जागेवर नाही अशी बातमी व्हायची."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझी धाकटी बहीण याच खुर्चीत बसून रडली होती. तिला चालता चालता भोवळ यायची. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा तिने हेच उपकरण लावून बघा म्हणून विनवलं. ते तेव्हा अर्धंमुर्धं तयार होतं. डॉक्टर म्हणाले, "मुली, हे मनाचे खेळ आहेत. यंत्र खऱ्या रुग्णांसाठी असतं." पुढे ती घराच्या जिन्यावरून पडली आणि गेली. मी नोकरी सोडली नाही. तिचं खरं होतं, हे मला या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

उपकरणाचं काम सोपं आहे. कानाच्या दोषाने चक्कर आली की डोळे एका बाजूला घसरतात आणि झटक्याने परत येतात. मॉनिटरवर करवतीचे दात उमटतात. सरकत्या वस्तूमागे डोळे फिरले तर गुळगुळीत लाट उमटते. ही लाट ठरवून काढता येत नाही. समोर काहीच सरकत नसेल तर डोळे उड्या मारत जातात. वाटल्यास करून पाहा.

आठवडा उलटायच्या आत डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. जेवताना खोली गरगरली होती. मी डबीतली नोंद उतरवली. करवतीचा एकही दात नव्हता. एक लांब, गुळगुळीत लाट होती.

"तुमच्या समोरून कोणी चालत होतं का?"

"घरात मी एकटाच होतो," ते म्हणाले. "भिंतीकडे तोंड करून."

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी ते दिवसभर स्वतः घातलं. यंत्र ठीक होतं. त्यांना दुसरं दिलं. पुन्हा तीच लाट, आणि दर वेळी दोन डोळ्यांच्या रेषा एकमेकींच्या थोड्या जवळ. जवळचं काही पाहताना डोळे नाकाकडे वळतात, तसं.

मग डॉक्टरांनी पट्टा काढून ठेवला, पण चक्कर थांबली नाही. ते भिंत धरून चालू लागले. शस्त्रक्रिया दुसऱ्यांकडे गेल्या. त्यांनी कानाच्या, डोक्याच्या, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि एके दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसले. तोंडचं पाणी पळालेलं.

"सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले. "मग हे काय आहे?"

"मनाचे खेळ असतील, सर."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. मला ते जळताना बघायला बरं वाटत होतं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"अंधाऱ्या खोलीत एकदा बघू," मी म्हणाले.

तपासणीच्या खोलीला खिडकी नाही. मी दाराला कडी लावली, त्यांना पट्टा चढवला, हनुवटी टेकणीवर ठेवायला लावली आणि दिवा घालवला. मॉनिटर माझ्याकडे वळवला.

बराच वेळ काही नाही. मग लाट सुरू झाली.

रेषा सांगत होती, त्यांचे डोळे दारापासून निघाले. माझ्या खुर्चीच्या मागून गेले. पुन्हा दाराकडे.

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"कोण फिरतंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय दिसतंय?"

"काहीच नाही. पण मान वळवावीशी वाटते."

रेषा जवळ आल्या. आणखी जवळ.

"सर, माझी बहीण आठवते?"

त्यांचे दात वाजत होते.

"तिचं खरं होतं, एवढंच म्हणा."

"खरं होतं," ते म्हणाले. "तिचं खरं होतं. माझं चुकलं. तिला सांगा."

लाट थांबली. दोन्ही रेषा सरळ झाल्या.

"गेलं," डॉक्टर म्हणाले आणि हुंदके देऊन रडू लागले.

मला हवे ते शब्द मिळाले होते. त्या शब्दांनी माझं काही भागलं नाही. दोन वाक्यं बोलून हा मोकळा होणार, घरी जाऊन जेवणार, झोपणार.

"एवढ्यात सोडू नकोस," मी अंधारात म्हणाले.

"कोणाशी बोलताय?"

रेषा सरळच होत्या. माझी बहीण स्वभावाने मऊ होती. कोणाचं रडणं तिला बघवत नसे. पण ताईचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

मग रेषा हळूच हलल्या.