पाचवी चकती

साताऱ्यात जोतीराम सुताराचं कातकामाचं दुकान होतं. लाटणी, खाटेचे खूर, पाळण्याचे गज असला माल तिथं लेथवर उतरायचा. सांगलीहून वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. होऊन आलेला त्याचा भाचा कृष्णात तिथंच बसून नोकरीचे अर्ज लिहायचा आणि मधल्या वेळात पॉलिश करायचा. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. अर्जांना उत्तरं येत नव्हती. पॉलिश मात्र आता बरं जमत होतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी सुभेदार लालासाहेब शेलार दुकानात आले. बगलेत लांबलचक कापडी पिशवी, हातात गोणपाट. पिशवीत पलटणीतल्या साहेबानं दिलेली विलायती गळाची काठी होती. तिची बुचाची मूठ भुगा झाली होती. गोणपाटातून त्यांनी लाकडाचे सात तुकडे काढून ओळीनं मांडले. मुसळ, जात्याचा खुंटा, रवी, नांगराचं रुमणं, दाराची चौकट, पाळण्याचा गज, भिंतीतली खुंटी.

"ह्यांच्या चकत्या करून मूठ बनवायची. एकीला एक लावून."

"बाजारात तयार मूठ मिळंल की," जोतीराम म्हणाला.

"ही आमच्या घरातली लाकडं हायत, जोतीराम. घर कोयनेच्या पाण्याखाली हाय. धरण भरलं तवा मी लडाखला होतो. भावानं घर उसकटलं, चौकटीसकट लाकडं वर आणली. आईबी वर आली हुती. तिसऱ्या दिशी दळण ऱ्हायलंय म्हणून माघारी गेली. गावली न्हाई." सुभेदारांनी खुंट्यावरून अंगठा फिरवला. "आता रिटायर झालोय. तिच्या डोक्यावर बसून मासं धरावं म्हणतो. तेवढंच जवळ."

जोतीरामनं सातही तुकड्यांच्या बोटभर जाडीच्या चकत्या पाडल्या, मधे भोकं पाडली आणि प्रत्येकीच्या बुंध्याकडच्या अंगाला गेरूचा ठिपका दिला.

"बुंधा हाताकडं, शेंडा पाण्याकडं," त्यानं भाच्याला बजावलं. "खांब उलटा रोवत न्हाईत, तसंच हे. लाकूड मुळाकडनं शेंड्याकडं पाणी नेतं."

"झाड जिवंत असताना नेतं, मामा. तोडल्यावर त्या नुसत्या रिकाम्या नळ्या."

"आमचा बियेस्सी," जोतीराम शिसवाच्या ओंडक्याला म्हणाला आणि लाकूड बघायला लोणंदला निघून गेला.

कृष्णातनं चकत्या पितळी नळीवर ओवून चिकटवायला घेतल्या. आधी स्पिरिटच्या फडक्यानं धूळ पुसायची, मग गोंदाच्या दोन ट्यूबांतलं मिश्रण कालवून लावायचं. चार बसल्या. पाचवी, चौकटीची, पुसताना हातातून निसटली आणि भुशात पडली. उचलली तेव्हा फडक्यानं तिचा ठिपका गेला होता. त्यानं दोन्ही अंगं भिंगाखाली धरली. तीच वर्तुळं, तीच छिद्रं. वर कोणतं आणि खाली कोणतं, ते सांगणारं काही दिसेना. इकडे मिश्रण घट्ट होत चाललं होतं. शक्यता निम्मी निम्मी. त्यानं चकती बसवून टाकली. मामाला सांगितलं नाही.

मूठ देखणी झाली. लाखेच्या पॉलिशखाली सात रंग एकमेकांना टेकून बसले. देण्याआधी त्यानं सवयीनं ती शेजारच्या सराफाच्या काट्यावर तोलली. दोनशे दहा ग्रॅम.

पंधरा दिवसांनी सुभेदार मूठ सोडवून घेऊन आले. "एकच चकती ओली ऱ्हाती. काय समजत न्हाई."

पाचवी. बाकीच्या सहा कोरड्या ठाक. कृष्णातनं मूठ तोलली. दोनशे चौदा. चार दिवस पत्र्यावर उन्हात ठेवली. दोनशे सतरा. जिथं पाण्याचा थेंब नाही तिथं वजन चढत होतं. पाणी लाखेवरून घरंगळत नव्हतं. चकतीच्या हाताकडच्या कडेतून दवासारखं बाहेर येत होतं. त्यानं टिपकागदावर घेऊन हुंगलं. शेवाळाचा वास नव्हता. नुकत्या सारवलेल्या जमिनीचा होता.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. लाकूड मुळाकडनं शेंड्याकडं नेतं. उलटं बसवलं तर पाण्याकडनं हाताकडं आणणार. वाक्य हास्यास्पद होतं, आणि काट्याशी जुळत होतं.

रविवारी तो बामणोलीच्या एस.टी.नं धरणाच्या पाण्याकाठी गेला. मे महिना होता, पाणी खूप खाली गेलं होतं. भेगाळलेल्या गाळाच्या उतारावर सुभेदार छत्री रोवून बसले होते. मूठ त्यांनी परस्पर दुकानातून नेली होती.

"सुभेदार, माझी चूक झाली," कृष्णात उभ्यानंच म्हणाला. "पाचवी चकती उलटी बसलीय बहुतेक. ठिपका पुसला गेला होता. मूठ द्या, मी ती कापून काढतो."

सुभेदारांनी पाचव्या चकतीवर अंगठा ठेवला.

"उलटी व्हय," ते सावकाश म्हणाले. "मग बरं झालं म्हणायचं."

"बरं काय त्यात?"

"घर खाली हाय, पर दार न्हाई त्येला. दार वर आणलं आमी. बाहेर पडायचं म्हटलं तरी ती पडंल कुठनं, गड्या?" त्यांनी काठी पुढं केली. "धर. जोरात आवळू नगंस."

दोरीला गळाचा आकडा नव्हता, नुसतं शिसं होतं. पाणी काचेसारखं निश्चल होतं. कृष्णातनं मूठ धरली. आधी काहीच नाही. मग तळव्याखाली, फक्त पाचव्या चकतीत, तीन हलके ठोके बसले.

काठीचा शेंडा हललासुद्धा नव्हता.

"मासा असंल," तो म्हणाला. आपला आवाज त्याला लहान वाटला.

"मासा इच्यारून येत न्हाई."

"सुभेदार, नका. काय असेल ते असू द्या तिथंच. मी कापतो ती."

"माझी आई हाय रं ती," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी काठी हातातून काढून घेतली.

ते दोरी गुंडाळू लागले. घाई नाही, ओढ नाही. जणू कुणाच्या तरी चालीनं.

शिसं वर आलं. त्याला काहीही लागलेलं नव्हतं.

कृष्णातनं श्वास सोडला. सुभेदारांनी छत्री मिटली, काठी त्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "कापायची तर काप आता. माझं काम झालं." उतार चढताना ते दोनदा थांबून मागं वळले, पाय जपून टाकणाऱ्या माणसासाठी थांबावं तसे. एस.टी.त त्यांनी खिडकीकडची जागा रिकामी ठेवली.

दुकानात येताच कृष्णातनं मूठ सोडवून तोलली. दोनशे दहा. चकती कोरडी होती, गंध नव्हता. सराफानं काटा दोनदा तपासून दिला. कृष्णातला हलकं वाटलं. आता कापायचं कारणच उरलं नव्हतं. मूठ पुन्हा काठीवर बसवून तो दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्यायला सदर बाजारात सुभेदारांच्या घरी गेला.

दार सुभेदारांच्या बायकोनं, अंजनानं उघडलं. तिचं लग्न धरणानंतरचं. सासूचा फोटोसुद्धा तिनं पाहिलेला नव्हता, हे सुभेदारांनीच कधी तरी सांगितलं होतं.

"हळू बोला," ती पदर सावरत म्हणाली. "निजलेत अजून. सासूबाई म्हनल्या, उठवू नगंस."

रोजचं बोलावं तसं ती बोलली.

कृष्णात उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. माजघरातून जात्याची घरघर येत होती. एका लयीत, मधेच मूठभर दाणे टाकण्यापुरती थांबत.

त्यानं हातातल्या मुठीकडे पाहिलं. दुसरी चकती, जात्याच्या खुंट्याची, जागच्या जागी होती.

ती गरम लागत होती. पहाटेपासून कुणीतरी हातात धरल्यासारखी.